बिलाला तारीख असते

संयोजकांनी विषय सांगितला, 'आवडीचं काम आणि पोटापाण्याचं काम', आणि मी लगेच हो म्हणून बसले. पंचाईत नंतर लक्षात आली. या विषयावर बोलायला साधारण दोन प्रकारची माणसं येतात. पहिल्या प्रकारच्या माणसांचं सगळं जमून गेलेलं असतं, म्हणून ती सांगतात की झोकून द्या. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी कधी झोकून दिलेलंच नसतं, म्हणून ती सांगतात की आधी नोकरी बघा. मी या दोन्हींत बसत नाही. मी झोकून देऊन परत आलेली बाई आहे. त्यामुळे माझ्याकडून स्फूर्ती वगैरे मिळेल या अपेक्षेने कोणी आलं असेल तर मागचं दार उघडं आहे.

हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात. लहानपणी मला त्याचा अर्थ कळायचा तो असा, की हौस करताना खर्चाकडे बघू नये. पुढे स्वतःची हौस बाजारात घेऊन बसले तेव्हा दुसरा अर्थ कळला: तिचं मोल कोणी देत नाही.

मी अक्षरं काढते. बोरू, टाक, सपाट ब्रश, शाई. शिक्षण वाणिज्य शाखेचं. अकरा वर्षं पूर्ण वेळ हिशेबाचं काम केलं आणि रात्री अक्षरं काढली. मग नोकरी सोडली, चार वर्षं फक्त अक्षरांवर जगले. गेली सहा वर्षं सकाळी नऊ ते दुपारी दोन पुन्हा हिशेब बघते आहे. ओळखीच्या लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. 'अरेरे, परत नोकरी?' असं म्हणतात, आणि आवाज असा काढतात की जणू मी आजारी पडले. त्या चार वर्षांत काय झालं ते आधी सांगते, कारण माझं म्हणणं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

पहिलं वर्ष छान गेलं. कामं आली, कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की दिवसाचे दहा तास काम करूनही प्रत्यक्ष कागदावर हात दीड-दोन तासच असतो. बाकीचा वेळ दर सांगण्यात, भेटी ठरवण्यात, दुरुस्त्या समजून घेण्यात आणि पैशांसाठी पाठपुरावा करण्यात जातो. म्हणजे मी नोकरी सोडली होती अक्षरांसाठी, आणि मिळवली होती एका छोट्या कचेरीची नोकरी, जिथे साहेब मीच, शिपाई मीच आणि वसुली कारकूनही मीच. हे सगळ्याच स्वतंत्र धंद्यांत होतं. ज्याला यंत्रं दुरुस्त करायला आवडतात त्याने दुकान काढलं की त्याच्या हातात पान्हा कमी आणि फोन जास्त असतो. हे कोणी लपवून ठेवलेलं नाही, पण आधी कोणी सांगतही नाही.

पण तेवढ्याने मी परतले नसते. खरी गोम वेगळी होती. एका कामात मी 'श्र' जरा वेगळा काढला होता, खालचा फाटा लांब ओढून. तो लोकांना आवडला. त्यानंतर जो येईल तो म्हणे, 'तसाच काढून द्या, मागच्यासारखा.' नंतरचं वर्षभर मी तो फाटा ओढत होते. पैसे मिळत होते, हे खरं. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते आपण काल जे करून दाखवलं त्याचे, आणि मला गंमत वाटायची ती अजून न जमलेल्या गोष्टीची. या दोन गोष्टींची भेट कधीकधी होते, रोज होत नाही. गिऱ्हाइकाची त्यात चूक काही नाही. मी तरी शिंप्याकडे गेले तर 'या खेपेला काहीतरी प्रयोग करा' असं थोडंच म्हणते?

तिसऱ्या वर्षी एका रात्री सहज वाटलं, आज काही काढावं, कोणासाठी नाही, असंच. दौत घेतली तर झाकण निघेना. गरम पाण्यात धरली, फडकं गुंडाळून पिळली, शेवटी पक्कड लावली. उघडली तेव्हा आत तळाशी काळी खपली. धंद्याचं काम मी तोवर सगळं संगणकावर करायला लागले होते, ते सोयीचं पडतं, दुरुस्त्या पटकन होतात. त्यामुळे दौत किती महिन्यांत उघडली नव्हती ते मला आठवेना. नोकरीत होते तेव्हा ती दर रात्री उघडत होती. पूर्ण वेळ अक्षरांचं काम करायला लागले आणि शाई वाळून गेली.

याला जवळची एक गोष्ट संशोधकांनी १९७३ साली नोंदवून ठेवली आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रंगीत स्केचपेन देऊन चित्रं काढायला सांगितली. मुलं निवडली तीच, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडतं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र. काहींना काही न सांगता नंतर अचानक तेच बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात नुसते ठेवून दिले आणि कोण किती वेळ त्यात रमतं ते लपून पाहिलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रमली. पुढे या निष्कर्षावर बरीच वादावादी झाली, आणि लहान मुलांचा प्रयोग मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये हेही खरं. पण मला त्यातला दुसरा गट महत्त्वाचा वाटतो. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे आवड मारते ती आधी ठरलेली बोली. पैसा स्वतः काही करत नाही.

आणि पोटापाण्याची गोष्ट म्हटली की बोली आधीच ठरलेली असते, कारण बिलाला तारीख असते. घरभाडं, वीज, मुलांची फी, औषधं, कर्जाचा हप्ता, सगळ्याला तारीख. आपण गिऱ्हाइकाला पाठवलेल्या बिलावरही तारीख असते, फक्त ती कोणी वाचत नाही. या उलट, अक्षर कधी जमेल याला तारीख नाही. एखादं वळण दोन दिवसांत सापडतं, एखादं दोन वर्षं सापडत नाही. बिनतारखेच्या कामाच्या खांद्यावर तारखेची बिलं ठेवली की ते काम घाई करायला शिकतं. घाई करायला शिकलेला हात जे आधी जमलेलं आहे तेच पुन्हा काढतो. माझा 'श्र'चा फाटा तसाच लांबत गेला.

म्हणून मी आता प्रश्न वेगळा विचारते. 'आवडीचं काम की पैशाचं काम' हा प्रश्न मला आता बिनकामाचा वाटतो. नोकरी बघताना आपण विचारतो, किती मिळतील? तो विचारलाच पाहिजे. पण त्याला जोडून दुसरा विचारायचा असतो: तिथून सुटल्यावर मी किती उरेन?

हा प्रश्न मनाशी अगदी नेमका विचारलेला एक लेखक म्हणजे फ्रान्झ काफ्का. पहिली नोकरी त्याने एका खासगी विमा कंपनीत धरली, तिथे दिवस संध्याकाळपर्यंत लांबायचा. वर्षही पुरं झालं नाही, त्याने ती सोडली आणि १९०८ साली प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत गेला. तिथलं कामही विम्याचंच. फरक एवढाच की सकाळी आठला सुरू होऊन दुपारी दोनला सुटी. दुपारी तो झोपायचा, रात्री लिहायचा. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री दहाला बसून त्याने पहाटे सहापर्यंत एक अख्खी कथा एका बैठकीत लिहून काढली, ती त्याच दिनक्रमातली. पण लगेच हेही सांगते, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल: काफ्काने त्या कचेरीबद्दल आयुष्यभर तक्रार केली. आणि घरच्या भागीदारीत ॲस्बेस्टॉसचा कारखाना निघाला, त्यावर दुपारी जाऊन लक्ष ठेव असा घरच्यांनी लकडा लावला, तेव्हा तर त्याला जगणं नकोसं झालं. पगार तोच होता, कचेरी तीच होती. फक्त दुपार गेली.

कवी टी. एस. एलियटचं उलट. तो आधी शाळेत शिकवत होता. शिकवणं म्हणजे साहित्याला जवळचं, बँक म्हणजे लांबचं, असं आपल्याला वाटेल. पण शिकवण्याने तो थकून जायचा, आणि १९१७ मध्ये लंडनच्या लॉइड्स बँकेत लागल्यावर त्याला बरं वाटलं. १९२२ च्या सुमारास एझरा पाउंड आणि मित्रमंडळींनी वर्गणी काढून याला बँकेतून सोडवू या अशी योजना आखली, आणि एलियट अवघडून गेला. बँक त्याने सोडली ती १९२५ मध्ये, प्रकाशन संस्थेतली नोकरी हातात आल्यावर. मला यातला शाळेचा भाग फार उपयोगी पडला. आवडीच्या 'जवळपासची' नोकरी चांगली, असा एक समज असतो. लिहिणाऱ्याने जाहिरातीत जावं, चित्रकाराने मांडणी करावी. कधी ते जमतं. अरुण कोलटकर जाहिरातींच्या जगात कलादिग्दर्शक होते आणि त्यांची कविता त्यामुळे बिघडली असं कोणी म्हणणार नाही. पण पुष्कळांचं असं होतं की जवळपासची नोकरी नेमकी तीच विहीर उपसते जिच्यातून रात्री पाणी काढायचं असतं. मला आकडे बरे पडतात. दिवसभर आकडे पाहून झाले की डोळे अक्षरांना भुकेलेले असतात.

आणि हाताचं काम? संगीतकार फिलिप ग्लास नळजोडणी करायचा, टॅक्सी चालवायचा. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्याच्या ऑपेराचे प्रयोग झाले, आणि त्यानंतरही तो टॅक्सीवर परतला. संगीतावर पोट भरायला लागलं तेव्हा वय एकेचाळीस. आइन्स्टाइनच्या पेटंट कचेरीची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना पाठ असेल, ती सोडून देते.

आता थोडं हिशेबाचं, कारण तीच माझी भाकरी. कोणी येऊन मला सांगतं, 'नोकरी सोडायची आहे', तेव्हा मी विचारते, महिन्याला घर चालायला किती लागतात? दहातल्या आठांना आकडा सांगता येत नाही. पगाराचा सांगता येतो, खर्चाचा नाही. आधी तीन महिने प्रत्येक खर्च वहीत लिहा. मग वर्षातून एकदाच येणारे, म्हणजे विमा, फी, दुरुस्ती, असे सगळे जमवून बाराने भागा आणि त्यात मिळवा. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि नेमके त्यातच बुडतात.

तो आकडा हातात आला की पुढचं सोपं आहे. समजा मिळकतीतले वीस टक्के मागे पडतात, म्हणजे खर्च ऐंशी. चार महिने काम केलं की एक महिना गाठीला बांधला. निम्मी मिळकत मागे पडत असेल तर प्रत्येक महिन्याला एक महिना. आणि दहाच टक्के पडत असतील तर एका महिन्यासाठी नऊ महिने लागतात. बचत मी पैशांत मोजत नाही, महिन्यांत मोजते. 'माझ्याकडे सात महिने आहेत' हे वाक्य डोकं ताळ्यावर ठेवतं. त्या महिन्यांचा खरा उपयोगही कळला की आपण चकित होतो. मला वाटायचं, ते नोकरी सोडण्यासाठी असतात. प्रत्यक्षात ते कामासाठी आलेल्या माणसाला 'नाही, हे मी करत नाही' असं म्हणण्यासाठी असतात. त्या चार वर्षांत मी जी जी कामं पस्तावून केली, ती सगळी गाठीला एक महिनाही नसताना घेतलेली होती.

दुसरी बाजू खर्च कमी करण्याची. तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगं घासून द्यायचा. एका मित्राकडून त्याला ५०० गिल्डरचं वर्षासन मिळायचं ठरत होतं, ते त्याने ३०० वर आणायला लावलं असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. १६७३ मध्ये हायडलबर्गच्या विद्यापीठातलं प्राध्यापकपद चालून आलं, तेही नाकारलं. लागतंच थोडं, तर कोणाला कशाला बांधून घ्या. पण स्पिनोझाची गोष्ट लोक सांगतात तेव्हा माझ्या मनात येतं, त्याला ना बायको ना मूल, आणि तो चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. घरात आजारी माणूस असेल, दोन मुलं असतील, तर 'गरजा कमी करा' हा सल्ला देणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. आपल्या आवडीसाठी आपण उपाशी राहू शकतो, दुसऱ्याला ठेवू शकत नाही. 'आवडीच्या मागे जा' म्हणणाऱ्या पुष्कळांची बिलं त्या काळात दुसरंच कोणी भरत होतं. त्याला माझी हरकत नाही. फक्त भाषणात त्या माणसाचंही नाव घ्यावं.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोलण्याची किंमत मोजलेला लेखक म्हणजे अँथनी ट्रोलप. टपाल खात्यात त्याने तीस वर्षांहून अधिक नोकरी केली. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. उठवायला आणि कॉफी आणून द्यायला ठेवलेल्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा. समोर घड्याळ ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द. मग आवरून कचेरी. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र आलं, त्यात हे सगळं, आणि वर प्रत्येक पुस्तकावर किती मिळाले त्याचा तक्ता. बेरीज शिलिंग-पेन्सपर्यंत. वाचकांना धक्का बसला, हा कलावंत की कारकून! त्याची पत त्यानंतर बराच काळ उतरली होती. मी हिशेबनीस असल्यामुळे असेल, पण मला तो तक्ता फार प्रामाणिक वाटतो.

ही लाज आपल्यातही आहे. 'तुम्हाला आवडतंच ना हे करायला, मग पैसे कशाला?' असं मला एकाने समोरासमोर विचारलं आहे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची संख्या आवडीच्या धंद्यांत सगळ्यात जास्त असते, कारण आपल्यालाच आतून वाटत असतं की आनंद मिळाला, म्हणजे निम्मं मानधन मिळालं. तसं नसतं. वीज मंडळ आनंद जमा करून घेत नाही. विकायचं काम पूर्ण भावात विकावं, निम्मे पैसे आधी घ्यावेत, किती दुरुस्त्या करून देणार ते लिहून द्यावं. हे मला हिशेब लिहिणाऱ्या बाईने शिकवलं, म्हणजे मीच. सुलेखन करणाऱ्या बाईला ते चार वर्षं सुचलं नव्हतं.

आणि काही भाग अजिबात विकू नये. माझ्याकडे एक वही आहे. दुपारी दोनला सुटते, घरी येते, जेवते, आणि साडेतीन ते सहा बोरू घेऊन बसते. त्यात आठवड्याचे तीन दिवस गिऱ्हाइकांचे, दोन त्या वहीचे. वहीतलं अक्षर कोणाला विकायचं नाही, त्यासाठी कोणाकडून काम घ्यायचं नाही, असं ठरवलं आहे. गंमत अशी की वहीत दोन वर्षं चाचपडलेलं एखादं वळण मग आपोआप गिऱ्हाइकाच्या कामात उतरतं आणि त्याचे पैसेही मिळतात. पण ते अचानक मिळालेलं बक्षीस. त्या दुसऱ्या गटातल्या मुलांसारखं.

हे नेहमी जमतं असं नाही. मार्चअखेरीला वही महिनाभर बंद असते. घरी आजारपण आलं तेव्हा चार महिने बंद होती. नोकरीतही कधी साहेब नवे येतात आणि दोनचे चार वाजतात. तेव्हा भांडावं लागतं, आणि मी भांडते. पगारवाढीसाठी भांडले नाही तेवढी त्या दोन तासांसाठी भांडले आहे.

आता प्रश्न घेऊ या. मागून एक हात दिसतोय. काय म्हणालात? नोकरी सोडू का? किती महिने आहेत तुमच्याकडे? साडेतीन. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर काय करता? झोपता. मग मला वाटतं तुमचं भांडण आवडीशी किंवा पैशाशी नाहीच, तुम्ही आधी थोडी कमी थकवणारी नोकरी शोधा. पगार थोडा कमी आला तरी चालेल का, ते वहीत तीन महिने लिहून बघा आणि मग मला कळवा.

ताई, तुमचं? ती वही छापणार का कधी?

नाही हो, इतक्यात नाही. 'ळ' अजून जमलेला नाही.